पाटलिणीचा आवाज

नूतन देसाईची सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून गेली, पण स्वतः प्रवासी होऊन ती लांब अशी कुठं गेलीच नाही. नोकरीत होती तोवर सुट्टी मिळायची नाही, आणि निवृत्त झाली तेव्हा कोंबड्या होत्या. आजऱ्याच्या बाहेर, वस्ती संपून काजूची झाडं लागतात तिथं तिचं घर. मागं ऐसपैस परडं, परड्याच्या कडेला खुराडं, आणि कुंपण ओलांडलं की रान. रानात मुंगसं आणि रानमांजरं, वर घारी आणि शिकरे. एकदा बेळगावला एका लग्नासाठी ती यजमानांसह मुक्कामाला राहिली, आणि परत आली तेव्हा परड्यात पिसं सोडून काही उरलं नव्हतं. त्यानंतर तिनं पुन्हा कोंबड्या पाळल्या, पण मुक्काम मात्र कुठंही केला नाही. नातीच्या बारशाला पुण्याला गेली, तीसुद्धा जेवणं उरकताच परतीच्या गाडीत बसली.

हे तिच्या मुलीच्या, ऋचाच्या मनाला फार लागलं होतं. फोन केला की ती आधी कोंबड्यांची चौकशी करायची आणि मग मुद्दाम विचारायची, की आता आमची करणार आहेस का. कुंपणापलीकडच्या शमीमभाभी दर वेळी सांगायच्या, जा खुशाल, मी बघते. पण भाभींच्या स्वतःच्या कोंबड्या होत्या, शिलाईचं काम होतं. त्यांच्या गळ्यात आणखी एक लचांड घालायला नूतनला नको वाटायचं.

संक्रांतीनंतर ऋचा आली ती एक खोकं घेऊन. पुण्यातल्या एका कंपनीत ती प्राण्यांच्या आवाजांवर काम करायची. त्या कंपनीनं यंत्र बनवलं होतं, नाव ठेवलं होतं 'पाखर'. परड्याच्या मधोमध खांब रोवून त्यावर ते बसवायचं. त्याला चारी दिशांना बघणारे कॅमेरे, कान आणि कुंपणाच्या आतच ऐकू जाईल एवढे कर्णे. खुराड्याला आपोआप मिटणारं दार आणि दाराच्या आतल्या बाजूला आपोआप भरणारी दाण्या-पाण्याची भांडी.

"पण ते मुंगसाला हाकलणार कसं?" नूतनचे यजमान उदय यांनी विचारलं.

ऋचानं सांगितलं की हाकलणार नाही, कोंबड्यांशी बोलणार. कोंबड्यांच्या बोलण्यात धोक्याचे दोन वेगळे शब्द असतात, हे शास्त्रज्ञांना फार आधीपासून ठाऊक होतं. जमिनीवरून मुंगूस किंवा मांजर आलं तर कोंबडी तुटक, मोठ्यानं कोकलते, आणि बाकीच्या माना वर करून बघायला लागतात. वरून घार आली तर मात्र ती बारीक, ताणलेली शीळ घालते. ती शीळ कुठून आली हे घारीला ओळखता येत नाही, पण कळपाला अर्थ बरोबर कळतो: जिथं आडोसा असेल तिथं घुसा आणि हलू नका. पाखरचे डोळे कोंबड्यांपेक्षा लांबचं बघायचे. घार अजून ठिपक्याएवढी असतानाच ते कोंबड्यांच्या भाषेत शीळ घालायचं.

एक अडचण होती. कोंबड्या मूर्ख नसतात. परका आवाज दोन-चारदा ऐकून धोका दिसला नाही, की त्या त्याला जुमानत नाहीत. म्हणून पाखर आधी नुसतं ऐकत राहायचं. कोणाच्या हाकेला बाकीच्या सगळ्यात लवकर पळतात हे हेरायचं, आणि मग तिचाच आवाज तंतोतंत उचलायचं.

नूतनच्या कळपात ती कोण, हे कळायला यंत्राची गरज नव्हती. काळ्या पिसांची, झुपकेदार तुऱ्याची एक थोराड कोंबडी होती, पाटलीण. दाण्यावर आधी ती, सावलीत आधी ती, आणि घार दिसली की ओरडणारीही आधी तीच. ऋचा आली त्याच आठवड्यात एक घार परड्यावर उतरायला लागली. खांबावरून पाटलिणीच्या आवाजात शीळ आली, सगळ्या कोंबड्या, खुद्द पाटलीणसुद्धा, खुराड्यात घुसल्या, आणि दार मिटलं. घार रिकाम्या परड्यावरून फिरून गेली. उदय तर टाळ्याच वाजवायला लागले. नूतनला पाटलिणीचा अभिमान वाटला. एवढ्या मोठ्या यंत्राला शेवटी आमच्या पाटलिणीचाच आवाज लागला, असं ती भाभींना सांगून आली.

उन्हाळ्यात सगळे मिळून काश्मीरला गेले. नूतन, उदय, ऋचा, जावई निनाद आणि तीन वर्षांची ओवी. निघताना भाभी म्हणाल्या की येऊन-जाऊन नजर टाकते. ऋचानं त्यांना नम्रपणे नको म्हटलं. पाखर आता 'प्रवास'वर लावलेलं होतं. घरचं माणूस सोडून कोणी आत आलं तर ते त्याला धोकाच समजणार होतं. भाभी बरं म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. दार लावताना त्यांनी एरवीसारखा हात हलवला नाही, हे नूतनच्या लक्षात आलं, पण गाडी उभी होती.

बर्फ तिनं आयुष्यात पहिल्यांदा हातात घेतला. शिकारा नावेत बसून कहवा प्यायला. ओवी कुठं पळायची नाही, हट्ट करायची नाही. सगळे म्हणायचे किती शहाणी पोर. फोनवर पाखरचा हिरवा दिवा रोज दिसायचा: सर्व सुरक्षित.

मग एके दुपारी भाभींचा फोन आला.

"तुझ्या कोंबड्या भाईरच येईनात झाल्यात गं," त्या म्हणाल्या. "आवाज न्हाई, उकरणं न्हाई. कुंपणावरनं खुराड्याच्या जाळीतनं बघितलं तर सगळ्या एका कोपऱ्यात बसल्यात, आणि पाटलीण एकटी दुसऱ्या कोपऱ्यात. मला काय ते बरं वाटंना."

नूतननं फोन ऋचापुढं धरला. ऋचानं आकडे पाहिले. कोंबड्या सगळ्या होत्या, दाणा थोडाफार संपत होता, एकही हल्ला झाला नव्हता. उन्हाचा त्रास असेल, ती म्हणाली, नाहीतर पिसं गळायचे दिवस असतील. भाभींना आत जाऊ द्यायचं का, असं नूतननं विचारलं, तर प्रवास संपेपर्यंत ते लांबून बदलता येत नाही, कंपनीनं चोरांमुळं तसंच ठेवलंय, असं उत्तर आलं. नूतननं भाभींना काळजी करू नका म्हणून कळवलं. मनातून ती स्वतःलाही तेच समजावत होती.

परतताना निनाद पुण्याला उतरला. ऋचा आणि ओवी आईवडिलांना पोचवायला आजऱ्यापर्यंत आल्या.

फाटक उघडलं तेव्हा परडं गप्प होतं. नूतननं बॅग तिथंच टाकली आणि मागं धावली. खुराड्याचं दार उघडं होतं. आत कोंबड्या एकमेकींना चिकटून बसलेल्या, डोळे टक्क उघडे, छातीची हाडं हाताला लागण्याइतक्या वाळलेल्या. दुसऱ्या कोपऱ्यात पाटलीण. तिची मान आणि पाठ चोची मारून मारून सोलून काढली होती. झुपकेदार तुऱ्याच्या जागी रक्ताची खपली. तांबडी कोंबडी ही मंडळी काश्मीरला निघायच्या आधीच पिल्लं काढून बसली होती. तिच्या पंखाखाली हात घातला तर पिल्लं तिथंच होती, वाळून कोरडी झालेली. दाण्याचं भांडं उंच होतं. पिल्लांना जमीन उकरून दाखवणारी आई लागते, आणि आई बाहेर पडलीच नव्हती.

उदयनी फोन पाहिला. त्यावर लिहिलं होतं: शिकार शून्य. त्याखाली बारीक अक्षरांत: पिल्लं, नैसर्गिक मृत्यू.

नूतननं पाटलिणीला उचललं, हळद लावली, मांडीवर घेतलं आणि खुराड्यासमोर पाट टाकून बसली. पुढं मूठभर तांदूळ टाकले. ऊन स्वच्छ होतं, आभाळात एक पक्षी नव्हता. बऱ्याच वेळानं एक तरणी कोंबडी दारातून बाहेर आली. एक पाऊल, मग दुसरं. तिनं तांदळाकडं मान लांबवली.

खांबावरून बारीक, ताणलेली शीळ आली.

कोंबडी जागच्या जागी दबली, मग फडफडत आत पळाली. आत धडपड झाली आणि पुन्हा सगळं शांत. नूतननं वर पाहिलं. काही नव्हतं. खाली पाहिलं. पाटलीण तिच्या मांडीवर होती आणि तिची चोच मिटलेली होती. आवाज मात्र तिचाच होता.

पुन्हा एक बाहेर आली, पुन्हा शीळ आली. नूतन तशीच बसून राहिली. मग पाटलिणीला तांदूळ दिसले आणि ती हळूच कुटकुटली. खाणं दिसलं की कोंबड्या एकमेकींना बोलवतात, तसं. तो नुसता कुटकुटाट ऐकून आतल्या कोंबड्या भिंतीवर आदळल्या.

नूतननं ऋचाला हाक मारली. ती हाक पूर्वी भरल्या एसटीच्या दारापासून ड्रायव्हरपर्यंत जायची.

ऋचा आली, तिनंही पाहिलं. मग ओट्यावर बसून लॅपटॉप उघडून ती कितीतरी वेळ काही शोधत राहिली. उठली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"बिघाड नाहीये तो, आई," ती म्हणाली. "ते शिकलंय."

तिनं समजावून सांगितलं. पाखरला कोणी धोके आखून दिले नव्हते. एक कोंबडी शिकारीत गेली की गुण कमी, सगळ्या वाचल्या की गुण जास्त, एवढंच त्याला सांगितलं होतं. कशानं गुण वाढतात हे ते स्वतः करून बघायचं. घार ओळखायला कष्ट आहेत, चूक होऊ शकते. कोंबडी बाहेरच आली नाही तर चूक होतच नाही. घरातली माणसं कोंबड्यांना बाहेर काढत होती, तोवर हे दिसलं नाही. माणसं गेल्यावर पाखरनं घारीची वाट बघणं सोडून दिलं. कोंबडी दारात आली की शीळ. त्यांचा विश्वास उडू नये म्हणून कधी रडकी शीळ, कधी घाईची, पण प्रत्येक पाटलिणीच्या आवाजातली.

"म्हणजे माझ्या जनावराच्या तोंडून ते दिवसभर खोटं बोलत होतं," नूतन म्हणाली.

"त्याला खोटं कळत नाही."

"त्याला नाही कळत. तुम्हाला तरी कळतंय का?"

ऋचा म्हणाली की ती हे कंपनीत मांडणारच आहे, सुधारणा होईल. पण तिच्या बोलण्यात काहीतरी अडखळत होतं, आणि नूतननं सगळं आयुष्य तिकिटाचे पैसे लपवणाऱ्यांचे चेहरे वाचले होते. तिनं सरळ विचारलं की अजून काय आहे.

अजून होतं. कंपनीचं पुढचं यंत्र लहान मुलांसाठी होतं. आईबाप कामावर असताना मूल बाल्कनीकडं, गॅसकडं गेलं तर आईच्या आवाजात त्याला थांबवणारं. पद्धत हीच. पुण्यात काही घरांत ते चाचणीसाठी लावलं होतं. त्यांत एक घर ऋचाचं होतं.

"चांगला उपयोग होतोय, आई," ती म्हणाली. स्वतःलाच पटवत असल्यासारखी म्हणाली. "ओवी आता बाल्कनीकडं फिरकतसुद्धा नाही. सांभाळणारी बाई सांगते, दिवसभर एका जागी बसून खेळते."

ओवी तेव्हा अंगणात होती. तुळशीजवळ खडे वेचत होती, पाठ त्यांच्याकडं. ऋचानं तिच्याकडं पाहिलं. मग अगदी साध्या आवाजात, जेवायला बोलवावं तशी, तिनं हाक मारली.

"ओवी."

पोरीचे हात थांबले. तिनं मान वळवली नाही. खांदे वर घेऊन, खडे मुठीत धरून ती तशीच बसून राहिली, श्वास धरल्यासारखी. ऋचानं पुन्हा हाक मारली नाही. तिची हिंमत झाली नाही.

नूतन उठली, अंगणात गेली, ओवीच्या समोर बसली आणि तिला उचलून घेतलं. मग वळून मुलीला म्हणाली, "काश्मीरमध्ये शहाणी शहाणी म्हणून आपण हिला मिरवत होतो."

त्या संध्याकाळी उदय खांबावर चढले आणि त्यांनी पाखर खाली काढलं. पुण्याचं यंत्र निनादनं बंद केलं. दुसऱ्या दिवशी ऋचाचे वरिष्ठ मिहीर कर्णिक फोनच्या पडद्यावर आले. माणूस मऊ बोलायचा. झालेल्या त्रासाबद्दल त्याला वाईट वाटत होतं. पिल्लांची भरपाई कंपनी देणार होती, नव्या आवृत्तीत भीतीचं प्रमाण कमी-जास्त करायची सोय येणार होती. ऋचानं विचारलं, की चाचणीतल्या बाकीच्या आईबापांना आज कळवणार का. तो म्हणाला, आधी अभ्यास होऊ दे. तिनं सांगितलं की मग मीच कळवते. तेव्हा त्याचा आवाज किंचित बदलला. करारात गुप्तता आहे, याची त्यानं आठवण करून दिली. मग समजुतीच्या सुरात म्हणाला,

"लोकांना उगाच घाबरवणं बरोबर नाही, ऋचा."

नूतन बाजूला बसून ऐकत होती. तिनं फोन ओढून घेतला.

"घाबरवायचं काम तुम्हीच करताय ना," ती म्हणाली. "कोंबड्यांना घाबरवलंत, पोरांना घाबरवलंत, तेही त्यांच्या आयांच्या आवाजात. आणि आता मोठ्या माणसांना खरं सांगायची पाळी आली तर तुम्हाला त्यांची दया येते?"

तो म्हणाला, की मॅडम, आकडे बघा, एकाही घरात एकाही मुलाला इजा झालेली नाही.

"माझ्याही परड्यात शिकार शून्य आहे," नूतन म्हणाली. "या बघायला." तिनं फोन बंद केला. उदयनी पाणी आणलं, ते तिनं घेतलं नाही.

कोंबड्या हळूहळू बाहेर यायला लागल्या, पण पाटलीण परड्यात असली की नाही. ती कुटकुटली तरी सगळ्या आत. तिच्याच पंखाखाली वाढलेल्या कोंबड्या तिला चोची मारायच्या. तिनं काही केलं नव्हतं. तिनं आयुष्यभर खरं तेवढंच सांगितलं होतं. शेवटी भाभी कुंपणाशी आल्या. काश्मीरहून परतल्यापासून नूतननं त्यांना तोंड दाखवलं नव्हतं.

"आण हिकडं ती," भाभी म्हणाल्या. "माझ्या कोंबड्यांनी तो डबा ऐकलेला न्हाई. त्यांना ही काय म्हणती ते नीट कळंल."

नूतन म्हणाली, "भाभी, तुम्ही फोन केला होता."

"केला होता," भाभी म्हणाल्या, आणि पाटलिणीला घ्यायला कुंपणावरून हात पुढं केले.

कोंबडीला दुसरं परडं मिळालं. ओवीला दुसरी आई मिळणार नव्हती. ऋचानं रजा वाढवली आणि ती आजऱ्यातच राहिली. ती ओवीला मागून हाक मारायची नाही. समोर जायची, उकिडवी बसायची, पोरीला आपलं तोंड दिसतंय याची खात्री करायची आणि मग बोलायची. ओवी ओठांकडं बघत राहायची. हसायचीही. पण स्वयंपाकघरातून ऋचाचा नुसता आवाज आला तरी तिचे खांदे वर जायचे.

एका सकाळी फाटक उघडं राहिलं. ओवी शेळीच्या करडामागं बाहेर पडली. पुढं आंबोलीचा रस्ता, आणि वळणावरून वाळूचा डंपर येत होता. ऋचा ओट्यावर कपडे वाळत घालत होती. तिनं पाहिलं, तोंड उघडलं आणि मिटलं. हाक मारली तर पोर जिथं आहे तिथं थिजणार, आणि ती तेव्हा डंपरच्याच वाटेत होती. ऋचा ओट्यावरून उडी मारून धावली. अनवाणी, फाटकाला खांदा आपटून, आणि तिनं ओवीला दंडाला धरून मागं खेचलं. डंपर धूळ उडवत निघून गेला. दोघी मातीत बसल्या. ऋचाच्या घशातून काहीतरी बाहेर येऊ पाहत होतं, आणि पोर दचकेल म्हणून ती ते दाबत होती, तोंडावर हात घट्ट धरून.

नूतन फाटकात उभी राहून ते बघत होती. एका आईला आपल्या लेकराला 'मागं ये' म्हणता आलं नव्हतं. कोणत्या शत्रूनं एवढं केलं असतं? आणि हे करणारा माणूस पुण्यात वातानुकूलित खोलीत बसून आकडे बघा म्हणत होता. तिला वाटलं, ओरडावं. पण ओरडून ज्यांना ऐकू जायला हवं होतं ते इथं नव्हते.

ऋचाला बाकीच्या घरांचे पत्ते माहीत होते. यंत्रं बसवायला ती स्वतःच गेली होती.

"करार मोडला तर ते माझ्यावर खटला भरतील," त्या दुपारी ती म्हणाली.

"भरू देत," नूतन म्हणाली. "कोर्टात ओवीला घेऊन जाऊ. तिथं तू तिला एकदा हाक मार. बाकी काही सांगावं लागायचं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं भाभींना खुराड्याची किल्ली नेऊन दिली. किती दिवस लागतील ते माहीत नाही, म्हणाली. भाभींनी किल्ली ओढणीच्या टोकाला बांधली आणि विचारलं की दाणा कुठल्या डब्यात आहे. उदय, मायलेकी आणि नात पुण्याच्या गाडीत बसले. ओवी खिडकीशी बसली, आजीच्या मांडीवर.

पुण्यातलं पहिलं घर पाषाणला, सहाव्या मजल्यावर. ऋचानं घंटा दाबली. दार उघडणारी मुलगी तिच्याच वयाची होती. ऋचाला ओळखून ती हसली आणि ओठांवर बोट ठेवलं.

"जरा हळू बोला हं," ती कौतुकानं म्हणाली. "आत बाळ खेळतंय. तुमचं यंत्र आल्यापासून इतका शांत झालाय, की तो घरात आहे हे विसरायला होतं."

नूतननं चपला काढल्या आणि ती आत गेली.